अलिप्तचा थर

डॉ. शिरीष कारखानीसांच्या छातीतला पंप एक दिवस अडखळणार, हे शलाका सुर्वेला चार वर्षांपासून माहीत होतं. तिने महिनेही काढून ठेवले होते. दोन हजार त्रेचाळीसचा मार्च ते जून. ती वाट बघत होती.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत बोटींच्या बुडाला लावायचा रंग बनवणारा एक लहान कारखाना आहे. शलाका तिथे रसायनतज्ज्ञ होती. पाण्यात उभ्या बोटीच्या बुडाला आधी शेवाळ धरतं, मग शिंपले बसतात, बोट जड होते. शलाकाच्या रंगावर काही बसत नसे. मिरकरवाडा बंदरात त्याला 'सुर्वेबाईचा रंग' म्हणत. ही बाई एके काळी माणसाच्या रक्तात राहणाऱ्या धातूसाठी हेच काम करत होती, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.

ते काम पुण्यात, कारखानीस सरांच्या प्रयोगशाळेत, दुबळ्या हृदयाला जोडायच्या टायटॅनियमच्या पंपासाठी झालं होतं.

रक्ताला परकी वस्तू खपत नाही. धातू असो की प्लॅस्टिक, रक्त लागल्यावर पहिल्या काही सेकंदांतच त्यातली प्रथिनं त्या वस्तूवर येऊन चिकटतात. चिकटली की त्यांची घडी मोडते. मोडलेल्या प्रथिनाला प्लेटलेट येऊन बिलगतात आणि गुठळी धरायला लागते. म्हणजे सगळ्या अनर्थाचं मूळ त्या पहिल्या चिकटण्यात आहे. शलाकाने असं पॉलिमर बनवलं, की ते चिकटणं होऊच नये. एक लांब साखळी, आणि तिच्या प्रत्येक कडीवर धन आणि ऋण असे दोन विद्युतभार शेजारी शेजारी. दोन्ही मिळून बेरीज शून्य, पण असे जोडभार पाण्याच्या रेणूंना घट्ट धरून ठेवतात. या साखळ्या ब्रशच्या केसांसारख्या धातूवर दाट वाढवल्या की त्यांच्यावर पाण्याचं अस्तर तयार होतं. प्रथिन येतं, त्याला धातू सापडतच नाही, नुसतं पाणी लागतं, आणि ते पुढे वाहून जातं. शलाकाने त्याला नाव दिलं होतं : अलिप्त.

त्यात एक उणीव होती. ते जोडभार मुख्य साखळीला एस्टर नावाच्या बंधाने जोडलेले होते, आणि एस्टर बंध शरीराच्या उबेत, पाण्यात, हळूहळू सुटतो. अमाइड बंध वापरला असता तर थर कित्येक वर्षं टिकला असता. पण त्याची कृती लांबलचक होती.

"सर, एस्टर नको," ती म्हणाली होती.

"शलाका, हृदयाचा पंप कुणी नातवंडांसाठी ठेवून जात नाही," कारखानीस हसून म्हणाले होते. "एस्टर चालेल. आणि साखळ्या वाढवायला अठरा तास कशाला? सहा पुरेत. परदेशातले लोकही याच्याच मागे आहेत."

तिने वहीत आक्षेप नोंदवला आणि प्रयोग अठरा तासांचाच केला. पण पहिल्या चाचणीच्या पंपांवर थर चढवला गेला तो सहा तासांचा. ती त्या आठवड्यात परिषदेसाठी चेन्नईला गेलेली होती.

एकोणीस रुग्णांना ते पंप बसले. त्यातला एक तिचा मोठा भाऊ मयूरेश. तापाचं निमित्त होऊन त्याच्या हृदयाचे स्नायू निकामी झाले होते. तिनेच त्याचं नाव चाचणीत घालून घेतलं होतं. चौदा महिन्यांनी, सकाळी मुलीची वेणी घालता घालता, तो कलंडला. पातळ थर विरला होता. पंपात धरलेली गुठळी मेंदूत गेली होती.

चौकशी झाली. कारखानीसांनी त्या बॅचचा कागद समितीपुढे ठेवला. कालावधीच्या रकान्यात 'सहा तास' लिहिलेलं होतं आणि खाली शलाकाची सही होती. सही तिचीच होती. ती परिषदेला निघताना, रकाना कोरा असताना, सरांनी घेतलेली. "घाईत चूक झाली असेल पोरीची," कारखानीस समितीला म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर दुःख होतं.

शलाकाची नोकरी गेली. मयूरेशच्या तेराव्याला अर्पणावहिनीने तिला एकच प्रश्न विचारला : "तुझ्याच हातचं होतं ना ते?" त्यानंतर दहा वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं.

पुढे कारखानीसांनी थर दुप्पट जाड केला आणि दोन हजार पस्तीसला पंप बाजारात आणला. एस्टर तसाच राहिला. दुखणं तेच, फक्त त्याची मुदत लांबली. पेटंटवर शलाकाचं नाव नव्हतं. वर्षभराने कारखानीसांचं स्वतःचं हृदय दगा द्यायला लागलं तेव्हा त्यांनी तोच पंप बसवून घेतला आणि छातीवर हात ठेवून वर्तमानपत्रासाठी फोटो काढला. खाली छापलं होतं, 'माझा माझ्या शोधावर विश्वास आहे.' तो फोटो शलाकाने कापून ठेवला.

मग तिने गणित केलं. जाड थर माणसागणिक सहा-सात वर्षं टिकेल, पुढे विरायला लागेल. तिने कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते वकिलाचं. पुन्हा असं काही लिहिलंत तर बदनामीचा खटला भरू.

इथपर्यंत शलाकाची काही चूक नव्हती. पुढचं तसं नाही.

दोन वर्षांनी तिला उपाय सापडला. बंदरातले शिंपले ओल्या खडकाला, ओल्या लोखंडाला इतके पक्के कसे धरून राहतात, याचा ती रंगासाठी अभ्यास करत होती. शिंपल्याच्या गोंदात एक रासायनिक गट असतो, तो पाण्यातही धातू पकडतो. शलाकाने तो गट आपल्या नव्या, अमाइडवाल्या साखळीच्या एका टोकाला जोडला. ही साखळी फक्त उघड्या पडलेल्या टायटॅनियमला पाय रोवते आणि बाकीच्या अंगाने पाणी धरून उभी राहते. रुग्णाला आठ मिनिटं बाहेरच्या यंत्रावर ठेवायचं, नळीवाटे पंपातून आधी गुठळी विरघळवणारं औषध आणि मग हे द्रावण फिरवायचं, की जुन्या पंपाला जागच्या जागी नवा थर चढतो. छाती उघडायची गरज नाही. एका पशुवैद्यक मैत्रिणीबरोबर, रीतसर परवानगी काढून, तिने अकरा मेंढ्यांवर ते सिद्ध केलं.

आणि छापलं नाही.

आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, असं ती स्वतःला सांगायची. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की तिला कारखानीस दारात उभे राहिलेले बघायचे होते. मागायला आलेले. मधल्या काळात कुठे वर्ध्याला, कुठे बेळगावला पंपवाला माणूस अचानक गेल्याची बातमी यायची. 'रुग्णाने गोळ्या वेळेवर घेतल्या नसाव्यात,' असं कंपनी म्हणायची. शलाका बातमी वाचायची आणि कामाला लागायची.

इब्राहिम मजगांवकरांच्या दोन बोटी होत्या आणि छातीत तोच पंप होता. सगळं बंदर त्यांना चाचा म्हणे. असा पंप रक्त सतत ढकलत राहतो, त्यामुळे मनगटाला नाडी लागत नाही. चाचा नव्या खलाशापुढे हात धरायचे आणि म्हणायचे, "बघ, मेलेल्या माणसाकडे नोकरीला लागलास तू." कमरेच्या पट्ट्यावर बॅटरी आणि छोटा पडदा असे. पंपाला किती वॅट लागतात ते त्यावर दिसे. साधारण चार. आत गुठळी धरायला लागली की पंपाला जोर लागतो आणि आकडा चढतो.

मार्चमध्ये चाचांनी तिला पडदा दाखवला. "बाय, हा आकडा सहावर गेलाय. तू शिकलेली, बघ जरा."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. म्हणाले, रक्त पातळ करायची गोळी वाढवा. मला काय तेवढं बरं वाटत नाही."

कारखान्याच्या फ्रिजमध्ये, चाचांपासून सहा किलोमीटरवर, द्रावणाच्या बाटल्या होत्या. चाचांसाठी एक काढली असती तर आठवड्यात सगळीकडे बोभाटा झाला असता. कंपनीने तज्ज्ञ पाठवले असते, कारखानीसांना आयता उपाय मिळाला असता, आणि त्यांना तिच्या दारात यावं लागलं नसतं.

"गोळी वाढवून बघा," शलाका म्हणाली.

नऊ दिवसांनी चाचा धक्क्यावर जाळी मोजून घेताना कोसळले. ती पोचली तेव्हा त्यांना गाडीत घालत होते. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. ते तिच्याकडे बघून काहीतरी म्हणत होते आणि नुसता घोगरा आवाज निघत होता.

ती कारखान्यात परतली. आरोग्य खात्याच्या समितीला पाठवायचे सगळे कागद काढले : जुन्या वहीच्या प्रती, मेंढ्यांचे निकाल, कृती. अर्ज लिहायला बसली. तो पुरा व्हायच्या आत, दुसऱ्याच दिवशी दुपारी, फाटकावरच्या माणसाने फोन केला. पुण्याहून कोणी कारखानीस आले आहेत. बरोबर मुलगी आहे.

कारखानीस खूप वाळले होते. जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसले. मुलगी ओवी मागे उभी राहिली. ती शाळेत असताना प्रयोगशाळेत येऊन शलाकाच्या टेबलावर चित्रं काढायची. आता तिशी ओलांडलेली, डोळे सुजलेले.

"पाच पूर्णांक आठ," कारखानीस पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले. "तुझं पत्र माझ्यापर्यंत आलं होतं, शलाका. मी तेव्हा वाचलं असतं तर..."

"तुम्ही वाचलं होतं, सर. नोटिशीत वकिलाने तसं लिहिलं होतं."

कारखानीसांनी तो विषय सोडला. मग म्हणाले, "मेंढ्यांच्या परवानगीचा कागद कुणीतरी मला दाखवला. मला ठाऊक आहे तुझ्याकडे काय आहे. बोल, काय पाहिजे?"

हा क्षण तिने मनात इतक्यांदा घोळवला होता की बोलताना तिला शब्द शोधावे लागले नाहीत. "लिहून द्या. एस्टरवर मी आक्षेप घेतला होता. बॅच तुम्ही सहा तासांची केलीत. कागदावर माझी सही आधी घेतलीत आणि आकडा नंतर लिहिलात. मयूरेश सुर्वे त्यामुळे गेला. आणि दुप्पट थर विरणार हे चार वर्षांपूर्वी कळलेलं असताना तुम्ही दडवलंत."

"आधी उपचार दे. मग लिहितो."

"आधी लिहा."

ओवी वडिलांकडे बघत होती. "बाबा, हे खरंय?"

कारखानीसांनी खिशातून पेन काढलं. कागद ओढला. अक्षर पूर्वीसारखंच रेखीव होतं. दोन पानं झाली. ओवीने साक्षीदार म्हणून सही केली आणि पेन टेबलावर आपटलं. शलाकाने अर्ज तिथल्या तिथे पुरा केला आणि पानं जोडून समितीकडे पाठवला.

"आता?" कारखानीस म्हणाले.

"आता परवानगी येईल. मग यादीप्रमाणे. ज्याला पंप आधी बसला, त्याला आधी. इथे आठवड्याला साठ जणांपुरतं द्रावण तयार होतं. तुमचा पंप दोन हजार छत्तीसच्या ऑक्टोबरातला. हयात रुग्णांत तुमचा नंबर सातशे एक्केचाळीस."

कारखानीसांनी मनात भागाकार केला. ते शास्त्रज्ञ होते, वेळ लागला नाही. "बारा आठवडे. शलाका, मला तीन आठवडेही नाहीत. हा खून आहे."

"नाही सर. ही यादी आहे."

परवानगी सहा दिवसांत आली. कारखानीसांचा कबुलीजबाब तोवर सगळ्या वाहिन्यांवर झळकला होता. समितीतल्या डॉक्टरांनी विचारलं, यादी तारखेप्रमाणे का? शलाकाने सांगितलं, जुना थर जास्त विरलेला असणार. ऐकायला बरोबर वाटलं. द्रावण बनवणं अजून तिच्या एकटीच्या हातात होतं, कुणी ताणून धरलं नाही.

त्या संध्याकाळी अर्पणावहिनीचा फोन आला. दहा वर्षांनी.

"मी टीव्हीवर पाहिलं," वहिनी म्हणाली. "मी तुला नको ते विचारलं होतं गं."

"असू दे, वहिनी."

"एक सांग. ते औषध तुझ्याकडे दोन वर्षं होतं असं म्हणत होते. खरं आहे?"

"हो."

"मग मधे जी माणसं गेली, त्यांच्या बायकांना काय सांगायचं?"

वहिनीने फोन ठेवला.

पहिल्या आठवड्यात रत्नागिरीतल्या हृदयरुग्णालयात साठ जणांचे पंप पुन्हा नवे झाले. दुसऱ्या आठवड्यात ओवी एकटी आली. तिच्या हातात रुग्णालयांकडून मिळवलेला तक्ता होता.

"बाबांसाठी आले नाही," ती उभ्यानेच म्हणाली. "हे बघा, ताई. तुम्ही ज्या साठांना दिलंत त्यातले एक्केचाळीस जण चार वॅटवर होते. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. शरीरागणिक थर वेगळा विरतो, हे तुम्हीच लिहिलंय. पूर्ण यादीत सहाच्या वर आज एकशे अठरा लोक आहेत. यवतमाळची एक बाई आठवर आहे. तिचा नंबर हजाराच्या पुढे. ती काही थांबणार नाही तुमच्या तारखेसाठी."

शलाकाने तक्ता हातात घेतला नाही. तिला तो पाठ होता. यादी समितीला द्यायच्या आधीच तिने तो स्वतः मांडून पाहिला होता. आकड्याप्रमाणे लावलं तर कारखानीस दुसऱ्याच आठवड्यात येत होते. म्हणूनच तर तारीख.

"आकड्याप्रमाणे लावा," ओवी म्हणाली. "आणि तुम्हाला बाबा त्यात नको असतील तर काढून टाका त्यांचं नाव. मी कुठे बोलणार नाही. ते गेले तर मी रडेन आणि गप्प बसेन. पण त्यांच्या एकट्यासाठी बाकीच्यांना मारू नका."

"ते काय म्हणतात?"

"ते म्हणतात, माझा नंबर आधी लाव म्हणून तुझ्या शलाकाताईला सांग." ओवीने तक्ता टेबलावर ठेवला. "म्हणून तर मी हे सांगायला आले."

ती गेल्यावर शलाका रुग्णालयात चाचांना बघायला गेली. त्यांची बायको उशी सारखी करत होती. चाचांना अक्षरं जुळत नव्हती, पण कळत सगळं होतं. पडद्यावर सहा पूर्णांक चार होते, नंबर सहाशे नव्वद. शलाका पलंगाजवळ बसली आणि तिने सांगितलं. मार्चमध्ये औषध होतं. सहा किलोमीटरवर. मी मुद्दाम बोलले नाही. कशासाठी, तेही सांगितलं.

चाचांनी सावकाश मान फिरवली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांच्या बायकोने शलाकाला दार दाखवलं नाही, की बस म्हटलं नाही.

शलाकाने तिथल्याच बाकावर बसून यादी नव्याने लावली. आकड्याप्रमाणे. यवतमाळची बाई पहिली. इब्राहिम मजगांवकर सत्तावन्नावे. कारखानीसांचा आकडा आता सात पूर्णांक एक होता. ते अठ्ठाविसावे आले.

त्या ओळीवर ती थांबली. पुसून टाकायला एक बोट पुरलं असतं. ओवीने तशी मोकळीकही दिली होती. पण मेलेल्या माणसाला चौकशी नसते, शरम नसते, वाट बघणं नसतं. त्याच्या शोकसभेत चांगलं बोलतात. शलाकाने नाव राहू दिलं. हे दया म्हणून केलं नव्हतं, ते तिने नंतरही कधी लपवलं नाही.

बुधवारी सकाळी कारखानीस टेबलावर होते. द्रावण तिने स्वतः सोडलं. आठ मिनिटं. आकडा सातवरून सहावर, पाचवर, मग चारवर येऊन स्थिरावला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिचा हात शोधला. "शलाका, तू मोठ्या मनाची आहेस."

"नाही," ती म्हणाली. तिने हात मागे घेतला आणि पुढच्या रुग्णाचे कागद उघडले.

चाचा वाचले. चालायला लागले, काठी घेऊन. बोलणं अर्धंमुर्धं परत आलं. त्यांच्या बोटींना पुढच्या हंगामात गोव्याचा रंग लागला. शिंपले बसले, तरी चाचांनी तो बदलला नाही.

समितीने शलाकालाही बोलावलं. उपाय दोन वर्षं दडवल्याबद्दल तिच्यावर ठपका ठेवला, तो तिने मान्य केला. कारखानीसांवर खटला उभा राहिला. त्यांचे सन्मान काढून घेतले गेले. प्रकृतीमुळे जामीन मिळाला, त्यात एक अट होती : नव्या थराची तपासणी दर सहा महिन्यांनी, सगळ्यांसारखीच, रत्नागिरीच्या केंद्रात.

पहिल्या तपासणीला केंद्राच्या व्हरांड्यात तीस-चाळीस माणसं होती. पंपवाले आणि त्यांचे घरचे. कारखानीस टोपी खाली ओढून कोपऱ्यातल्या बाकावर बसले, तरी लोकांनी ओळखलं. बाकावर त्यांच्या शेजारी जागा होती, पण माणसं उभी राहिली.

अकराच्या सुमारास अर्पणावहिनी आली. ती आत आली नाही, शलाकाशी बोलली नाही. सरळ जाऊन कारखानीसांच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बसली. मांडीवरची पिशवी नीट केली.

"मी मयूरेश सुर्वेची बायको," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण दार उघडं होतं आणि शलाकाला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "तुमच्या तपासणीची तारीख विचारून घेतलीय. दर वेळी येईन. ते गेले त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते तुम्हाला सांगायचंय. एका खेपेत होणार नाही. मुलीची वेणी घालत होते. एक बाजू झाली होती..."

कारखानीस उठायला लागले. समोर उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणीही वाट दिली नाही. ते परत बसले.

शलाकाच्या हातात नावांची यादी होती. आता कारखानीसांचाच नंबर होता. तिने खालचं नाव वाचलं आणि दुसऱ्या रुग्णाला आत बोलावलं.